विषाणू की आपलीच प्रतिकारशक्ती? उंदरांवरच्या प्रयोगातून भावाच्या आजाराबद्दल काय कळतं आणि काय नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या धाकट्या भावाला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, आणि ते ओसरल्यावर आठवड्याभरात त्याचे पाय लुळे पडले. डॉक्टरांनी गुलियन-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, असं निदान केलं आणि पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून दिलं. आता तो वॉकर धरून चालतोय. मधल्या काळात तुमच्या वाचनात आलं की अमेरिकेतल्या येल विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले आणि झिका या डासांतून पसरणाऱ्या विषाणूच्या आजारात पाय लुळे पडतात ते विषाणूमुळे नाही, तर आपल्याच रोगप्रतिकारक पेशींमुळे, असं दिसून आलं. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. असं असेल तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्टिरॉइड का दिलं नाही? घरी चालू असलेले प्रतिकारशक्तीचे काढे बंद करायचे का? आणि पुढे कधी ताप आला तर पुन्हा हेच होणार का?

मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही, त्यामुळे त्याच्या औषधांबद्दल शेवटचा शब्द त्याच्या न्यूरॉलॉजिस्टचा. माझं काम प्रयोगशाळेतलं आहे. विषाणूची लागण झालेल्या उंदरांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत प्रतिकारपेशी काय करतात, ते मी बरीच वर्षं पाहत आले आहे. तुम्ही वाचलेली बातमी खोटी नाही. पण त्या प्रयोगातून ‘विषाणू दोषी नाही, प्रतिकारशक्ती दोषी’ असा निकाल लागत नाही. शिवाय तुमच्या भावाच्या बाबतीत इजेची जागाही वेगळी आहे आणि इजा करणारेही वेगळे आहेत.

आधी तो प्रयोग पाहू. येलमधल्या अकिको इवासाकी यांच्या गटाचं हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली पहिली अट बातम्यांमध्ये सहसा येत नाही: हे उंदीर साधे नव्हते. साध्या प्रौढ उंदराला झिका टोचला तर त्याला फारसं काही होत नाही. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात आणि आजूबाजूच्या पेशी विषाणूला रोखायची तयारी करतात. माणसाच्या पेशीत झिकाचं एनएस५ हे प्रथिन या साखळीतला स्टॅट२ हा दुवा मोडून टाकतं. उंदराचा स्टॅट२ मात्र त्याला मोडता येत नाही. त्यामुळे उंदरात झिका वाढवायचा असेल तर बहुतेक वेळा इंटरफेरॉनचा संदेश घेणारं आयएफएनएआर१ हे जनुकच काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात. येलच्या प्रयोगातले उंदीर असेच होते. म्हणजे पहिल्या काही दिवसांचा बचाव त्यांच्याकडे नव्हताच, आणि विषाणू मेंदूपर्यंत भरपूर पोचला होता.

अशा उंदरांच्या मेंदूत झिकाने ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी गाठल्या. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर टिकवण्याचं बरंचसं काम या पेशी करतात. तो अडसर ढासळला आणि सीडी८ प्रकारच्या टी पेशी मोठ्या संख्येने मेंदूत शिरल्या. विषाणू असलेली पेशी ओळखून मारणं हे या पेशींचं काम. मग संशोधकांनी काही उंदरांमधून प्रतिपिंड देऊन याच सीडी८ पेशी काढून टाकल्या. त्या उंदरांमध्ये लुळेपणा खूपच कमी झाला. पण त्याच उंदरांच्या चेतापेशींमध्ये विषाणू जास्त पसरला.

बातमीत यातला पहिलाच अर्धा भाग आला. सीडी८ पेशींनी चेतापेशींना विषाणूपासून वाचवलं, आणि ते करतानाच लुळेपणाही आणला. दोन्ही कामं त्याच पेशींची, त्याच मेंदूतली, त्याच दिवसांमधली. त्यामुळे तुम्ही विचारता तेव्हा मला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात सांगता येत नाही.

अशा निष्कर्षावर विश्वास किती ठेवायचा, हे तो काढतात कसा यावर अवलंबून असतं, म्हणून ते थोडं जवळून सांगते. लागण झालेल्या उंदराची रोज तपासणी होते. शेपटीला धरून अलगद उचललं की निरोगी उंदीर मागचे पाय पसरतो. आजारी उंदीर ते पोटाशी आवळून घेतो. पुढे शेपटी सैल पडते, मग एक पाय ओढत चालणं, मग दोन्ही. प्रत्येक पायरीला गुण ठरलेले असतात, आणि शक्यतो गुण देणाऱ्याला कोणत्या उंदराला काय टोचलंय हे माहीत नसतं. वजन रोज होतं. ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की त्या जनावराला वेदना न होऊ देता मारावं लागतं. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीने प्रयोगाला परवानगी देतानाच हे लिहून घेतलेलं असतं, आणि ते कसोशीने पाळलंच पाहिजे असं माझं मत आहे. पिंजऱ्याच्या तळाशी ओलं खाणं ठेवायचं, हेही नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवावं लागतं. मागचे पाय गेलेल्या उंदराला वरच्या बाटलीपर्यंत पोचता येत नाही. तो तहानेने मेला तर वहीत ‘विषाणूने मृत्यू’ असं नोंदलं जातं आणि सगळा निष्कर्ष तिथेच चुकतो.

दुसरी काळजी मेंदू काढण्याआधीची. उंदराला पूर्ण भूल देऊन हृदयातून सलाइन सोडतात, म्हणजे रक्तवाहिन्यांमधलं रक्त धुऊन निघतं. लालभडक यकृत फिकं पडत जातं आणि त्यावरून काम नीट झालंय हे कळतं. हे केलं नाही तर मेंदूच्या वाहिन्यांमध्ये नुसत्याच वाहत असलेल्या टी पेशीही ‘मेंदूत शिरलेल्या’ म्हणून मोजल्या जातात. एखाद्या शोधनिबंधात ही पायरी दिसली नाही की पुढचे आकडे मी फार सावधपणे वाचते.

आणि खरी परीक्षा म्हणजे ती पेशी काढून पाहणं. आजारी मेंदूत टी पेशी सापडल्या एवढ्यावरून त्यांनीच इजा केली असं म्हणता येत नाही. कदाचित त्या नसत्या तर हाल आणखी वाईट झाले असते. त्या काढल्यावर इजा कमी होते का, परत घातल्यावर पुन्हा दिसते का, आणि या दोन्ही वेळी विषाणूचं काय होतं, ही तिन्ही उत्तरं हातात आली तरच बोलावं.

यातलं सर्वांत स्पष्ट उदाहरण झिकाच्या खूप आधीचं आहे. एलसीएम नावाचा विषाणू उंदरांमध्ये नैसर्गिकरीत्याच असतो. तो प्रौढ उंदराच्या मेंदूत टोचला तर साधारण सहाव्या ते आठव्या दिवशी उंदीर आचके देऊन मरतो. शेपटीला धरून उचललं तरी झटका येतो. पण १९५०च्या दशकातच दिसलं होतं की क्ष-किरण देऊन प्रतिकारपेशी कमी केल्या तर हेच उंदीर जगतात, मेंदूत विषाणू असूनही. आणि जन्माच्या सुमारास लागण झाली तर त्यांची यंत्रणा या विषाणूला परका मानतच नाही. मग तो विषाणू घेऊन ते दीर्घकाळ जगतात. त्यांच्यात पुढे मूत्रपिंडाचे त्रास होऊ शकतात, पण ते आचके नाहीत. हा विषाणू पेशींना स्वतः फारसा मारत नाही, म्हणूनच प्रतिकारशक्तीचा हात इतका उघड दिसला. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये याच विषाणूवर काम करताना टी पेशी लागण झालेली पेशी कशी ओळखतात ते शोधलं. त्याबद्दल त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

याच आजारात पुढे आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. २००९ मध्ये डोरियन मॅकगॅव्हर्न यांच्या गटाने जिवंत उंदराच्या मेंदूच्या आवरणात सूक्ष्मदर्शकाखाली काय चाललंय ते पाहिलं. टी पेशी तिथे होत्याच. पण रक्तवाहिन्या फुटायला लागल्या त्या टी पेशींनी रसायनं सोडून बोलावलेल्या मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींच्या गर्दीने. म्हणजे ‘टी पेशींनी केलं’ म्हणण्यातही एक पायरी सुटते. उपचार शोधणाऱ्याला हा फरक फार मोलाचा आहे. विषाणूवर नजर ठेवणाऱ्या पेशी तशाच राहू देऊन फक्त मागून येणारी गर्दी रोखता आली, तर दोन्ही साधेल.

करोना कुळातल्या उंदरांच्या एका विषाणूतही अशीच गोष्ट दिसते. त्याचं जेएचएम नावाचं वाण १९४९ मध्ये नोंदलं गेलं. तो मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण उतरवतो. पण टी आणि बी पेशी मुळातच नसलेल्या उंदरांना हाच विषाणू दिला तर मेंदूभर विषाणू असूनही आवरण बहुतांशी शाबूत राहतं. आयोवा विद्यापीठात स्टॅन्ले पर्लमन यांच्या गटाने अशा उंदरांमध्ये दुसऱ्या उंदराच्या प्लीहेतल्या प्रतिकारपेशी घातल्या, आणि आठवड्याभरात आवरण झडू लागलं. काढून पाहणं आणि परत घालून पाहणं, दोन्ही इथे झालं.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की मग प्रतिकारशक्ती दाबावी हेच बरं. पण त्या पेशी नसलेले जेएचएमचे उंदीर अखेर वाचत नाहीत. विषाणू मेंदूत वाढत राहतो आणि ते मेंदूच्या दाहाने मरतात. थायलरच्या विषाणूत तर उलटी बाजू आणखी ठळक आहे. मॅक्स थायलर यांनी १९३०च्या दशकात लुळ्या पडलेल्या उंदरांमधून तो वेगळा केला. काळ्या सी५७ब्लॅक६ जातीच्या उंदरांमध्ये सीडी८ पेशी चपळाईने काम करतात आणि काही आठवड्यांत विषाणू संपवतात. एसजेएल जातीच्या पांढऱ्या उंदरांमध्ये हा पहिला प्रतिसाद पुरेसा पडत नाही, विषाणू मज्जारज्जूत रेंगाळतो, आणि सततच्या दाहात मायलिनचे तुकडे उघडे पडत राहतात. काही आठवड्यांनी त्या उंदरांमध्ये विषाणूऐवजी थेट मायलिनवरच चालून जाणाऱ्या टी पेशी सापडतात. म्हणजे इथे सुरुवातीचा प्रतिसाद तोकडा पडला म्हणून पुढे स्वतःवरचा हल्ला सुरू झाला. एकच विषाणू, पण उंदराची जात बदलली की कथा बदलते. माणसांमध्ये तर प्रत्येकाची जनुकं वेगळी.

‘हे उंदरांचं झालं, माणसांचं काय?’ असं तुम्ही म्हणाल. टी पेशींना मेंदूत जाऊ दिलं नाही तर काय होतं, हे माणसांतही दिसलं आहे, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन झडण्याच्या आजारावर नॅटालिझुमॅब नावाचं औषध आहे. ते टी पेशींना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही. त्या आजारात ते खरंच परिणामकारक आहे. पण २००५ मध्ये ते काही काळ बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांच्या मेंदूत जेसी विषाणू फोफावला. हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात गप्प पडून असतो. पहारा उठला आणि तो मेंदूतल्या मायलिन बनवणाऱ्या पेशी मारू लागला. अशा रुग्णांचं औषध थांबवून ते रक्तातून काढून टाकलं की टी पेशी एकदम मेंदूत परततात, आणि पुष्कळदा रुग्णाची अवस्था काही दिवस आणखी बिघडते. त्या टप्प्यावर डॉक्टर स्टिरॉइडचा विचार करतात. एकाच माणसात, काही आठवड्यांच्या अंतराने, टी पेशी नसल्यामुळे इजा आणि टी पेशी आल्यामुळे इजा. पुढे २००६ मध्ये ते औषध कडक देखरेखीसह परत आलं.

थोडक्यात, आत्तापर्यंतचं एवढं लक्षात ठेवा: कोणता विषाणू, कोणती प्रतिकारपेशी, कोणती जागा आणि आजाराचा कितवा दिवस, हे कळल्याशिवाय प्रतिकारशक्ती वाढवावी की दाबावी हा प्रश्न विचारता येत नाही.

दिवसांबद्दल थोडं अधिक बोलते. नवीन विषाणूविरुद्ध टी पेशींची फौज तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून एखादा मेंदूचा आजार किती दिवसांत होतो, यावरून माझ्यासारखी व्यक्ती पहिला अंदाज बांधते. विदर्भातल्या ज्या गावात १९६५ मध्ये पहिल्यांदा सापडला त्या गावाचं नाव मिळालेला चांदीपुरा विषाणू घ्या. त्यात मूल ताप आल्यापासून एक-दोन दिवसांतच दगावू शकतं. तिथे टी पेशींवर खापर फोडायला वेळच पुरत नाही. त्या मुलांच्या बाबतीत विषाणू स्वतः आणि पहिल्या तासांमधला दाह यांच्याकडेच आधी पाहावं लागतं. उलट काही इजा विषाणू गेल्यानंतरही चालू राहते. सेंट लुईसमधल्या रॉबिन क्लाइन यांच्या गटाने २०१६ मध्ये वेस्ट नाइल या मेंदूत शिरू शकणाऱ्या विषाणूतून वाचलेल्या उंदरांवर काम केलं. चेतापेशी जिवंत होत्या, पण स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये त्यांच्यामधले सांधे कमी झाले होते. रक्तातलं कॉम्प्लिमेंट नावाचं प्रथिनांचं कुटुंब त्या सांध्यांवर खूण करतं आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी ते गिळून टाकतात. हे उंदीर चक्रव्यूहात बिळाची जागा लक्षात ठेवू शकत नव्हते. सी३ हा कॉम्प्लिमेंटचा घटक नसलेल्या उंदरांमध्ये सांधे टिकले. वेस्ट नाइलमधून उठलेल्या कित्येक माणसांना महिनोन् महिने विसराळूपणा जाणवतो, त्याचं एक कारण इथे असू शकतं.

आता तुमच्या भावाकडे येते. येलच्या उंदरांमधली इजा मेंदूत होती. जीबीएसमध्ये इजा मज्जारज्जूतून बाहेर पडून हातापायांकडे जाणाऱ्या नसांमध्ये होते. मेंदूत जो अडसर असतो तो नसांच्या मुळांशी आणि टोकांशी पातळ असतो, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं तिथे सहज पोचतात. आणि जीबीएसमध्ये प्रमुख भूमिका बहुतेक वेळा या प्रतिपिंडांची आणि कॉम्प्लिमेंटची असते, सीडी८ पेशींची नाही. जंतूच्या अंगावरची एखादी साखर आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या साखर जोडलेल्या स्निग्ध रेणूसारखी दिसते, जंतूविरुद्ध बनलेलं प्रतिपिंड नसेला चिकटतं, आणि कॉम्प्लिमेंट तिथे भोकं पाडतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे दोनशेहून अधिक रुग्ण आढळले. त्या साथीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा पोटाचा जीवाणू सापडला होता, आणि त्याच्याबाबत हा मार्ग उत्तम अभ्यासलेला आहे. झिकाबद्दल चित्र तितकं साफ नाही. २०१३-१४ च्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या साथीनंतर ४२ जीबीएस रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या बहुतेकांना पाय लुळे पडण्याच्या साधारण सहा दिवस आधी ताप-पुरळ येऊन गेलं होतं, पण नेहमीची गँग्लिओसाइडविरोधी प्रतिपिंडं मात्र फारशी सापडली नाहीत. तुमच्या भावाला झिकाच होता का, हेही तुमच्या लिहिण्यावरून ठरत नाही. डेंग्यू आणि चिकुनगुन्यामध्येही पुरळ येतं, आणि रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचणीत झिका आणि डेंग्यू एकमेकांसारखे दिसू शकतात. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला २०२१ मध्ये आणि पुणे शहरात २०२४ मध्ये झिका सापडलेला आहे, तेव्हा शक्यता नाकारता येत नाही, एवढंच.

स्टिरॉइडचा प्रश्न इथे सुटतो. प्रतिकारशक्तीने इजा केली म्हणून स्टिरॉइड द्यावं, हा तर्क अगदी स्वाभाविक आहे आणि डॉक्टरांनीही तो एकेकाळी केला. जीबीएसमध्ये त्याच्या रीतसर चाचण्या झाल्या. शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने लक्षणीय फायदा झाला नाही, आणि गोळ्यांनी दिलेल्या स्टिरॉइडने तर सुधारणा उशिरा झाली. ज्यांनी फायदा होतो ते दोन उपाय म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर उत्तम. दोन्हींचा रोख प्रतिपिंड आणि कॉम्प्लिमेंटवर आहे. तुमच्या भावाला यातला एक उपाय मिळाला. स्टिरॉइड न देणं ही हयगय नव्हती, ते योग्यच होतं. मेंदूच्या विषाणूजन्य दाहातही हीच सावधगिरी लागते. जपानी मेंदूज्वरात दाह भरपूर असतो, पण थायलंडमध्ये ६५ रुग्णांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा दिसला नाही. उंदरात एक विशिष्ट पेशी काढणं आणि माणसाला सगळ्याच प्रतिकारपेशींवर परिणाम करणारं औषध देणं, यात फार अंतर आहे.

काढ्यांबद्दल. ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ म्हणजे नेमकं काय वाढवणे, हे कोणत्याही पुडीवर लिहिलेलं नसतं. येलच्या उंदरांमध्ये इंटरफेरॉनचा प्रतिसाद कमी होता म्हणून विषाणू मेंदूत गेला, आणि सीडी८ पेशींचा प्रतिसाद जोरात होता म्हणून पाय गेले. दोन्ही प्रतिकारशक्तीच. आलं, तुळस, हळद एवढ्या स्वयंपाकघरातल्या गोष्टींच्या नेहमीच्या प्रमाणातल्या काढ्याने जीबीएस झाला किंवा वाढला असं मानायला मला आधार दिसत नाही, त्यामुळे तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. गुळवेलीच्या गोळ्या किंवा रस रोज चालू असेल तर मात्र ते न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं आणि तिचं स्वरूप स्वयंप्रतिकाराच्या आजारासारखं असल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तेव्हा त्यावर आक्षेप घेतला होता. वाद मिटेपर्यंत, ज्याच्या प्रतिकारशक्तीने एकदा स्वतःच्याच नसांवर हल्ला केला आहे अशा माणसाने ती मुद्दाम चाळवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुन्हा होण्याची भीती तुमच्या मनात आहे हे प्रश्नाच्या शेवटच्या ओळीवरून कळतं. जीबीएस पुन्हा होतो तो शंभरातल्या दोन ते पाच जणांना. म्हणजे बहुतेकांना पुढच्या तापात काहीही होत नाही. तरी डासांपासून आणि दूषित पाण्यापासून त्याला जपा. ताप किंवा जुलाबानंतर पायांत मुंग्या, अशक्तपणा किंवा गिळायला त्रास जाणवला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कोणतीही लस घेताना त्याला जीबीएस होऊन गेलाय हे आधी सांगा. मात्र घरच्या घरी ‘लस नकोच’ असं ठरवू नका, तो निर्णय लसीनुसार डॉक्टर घेतील.

त्याच्या सुधारणेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वॉकरचा उल्लेख वाचून सांगावंसं वाटतं. डिस्चार्जच्या कागदांमध्ये नर्व्ह कंडक्शनचा, म्हणजे नसांमधून संदेश कसा जातो हे मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल असेल. त्यात इजा मायलिनची आहे की आतल्या तंतूची, हे लिहिलेलं असतं. मायलिन तुलनेने लवकर भरून येतं. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढतो, म्हणजे कमरेपासून पावलापर्यंत पोचायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. तेवढ्या काळात स्नायू आखडू नयेत आणि पाऊल लटकून वाकडं होऊ नये, म्हणून फिजिओथेरपी खंड न पाडता चालू ठेवायची, प्रगती दिसत नसलेल्या आठवड्यांतसुद्धा. जीबीएसचे साधारण ऐंशी टक्के रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, आणि उरलेल्यांपैकीही अनेकजण त्यानंतर सुधारत राहतात. त्या अहवालात नेमका कोणता प्रकार लिहिलाय ते त्याचं नाव-पत्ता न देता इथे लिहिलंत, तर पुढचं अधिक नेमकं सांगता येईल.